साबण कमी, पाणी जास्त, टॉवेल त्याहून जास्त

कुत्र्याला रविवारी आंघोळ घातली, दिवसभर घरात शाम्पूचा वास दरवळला, आणि बुधवारी पुन्हा तोच ओशट, आंबूस दर्प. शिवाय कुत्रा पोट आणि काखा खाजवायला लागलेला. घरातले सगळे मग एकच निष्कर्ष काढतात: शाम्पू कमी पडला, पुढच्या रविवारी जास्त घेऊ. मुंबई-ठाण्यात आणि कोकणात जून ते सप्टेंबर या काळात हा प्रकार घरोघरी दिसतो. शाम्पू मात्र क्वचितच कमी पडलेला असतो. केसांच्या मुळाशी फेस राहून गेलेला असतो, नाहीतर वरून कोरड्या दिसणाऱ्या केसांखालची मऊ लव तासन् तास ओली राहिलेली असते. दमट जागी जंतू आणि यीस्ट जोमाने वाढतात, आणि येणारा वास त्यांचाच असतो. पुढच्या रविवारी शाम्पू वाढवला की वास आणि खाज दोन्ही वाढतात.

म्हणून या लेखात शाम्पूबद्दल कमी बोलणार आहे. आधीचं विंचरणं, मधलं फेस काढणं आणि नंतरचं वाळवणं या तीन कामांना जो वेळ देतो, त्याचा कुत्रा स्वच्छ राहतो. ज्याला यांतल्या एकालाही वेळ नाही, त्याने त्या दिवशी आंघोळ घालूच नये, ओल्या फडक्याने अंग पुसून काढावं. अर्धवट आंघोळीपेक्षा ते कितीतरी बरं.

कुत्र्याच्या कातडीबद्दल दोन गोष्टी माहीत असल्या की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. आपल्या कातडीच्या सर्वांत वरच्या थरात पेशींच्या साधारण 10 ते 15 ओळी असतात. कुत्र्याच्या केसाळ भागात त्या 3 ते 5 एवढ्याच. म्हणजे केसांचं पांघरूण जाड दिसलं तरी खालची कातडी आपल्यापेक्षा नाजूक असते. दुसरी गोष्ट पीएचची. आपल्या कातडीचा पीएच 5.5च्या आसपास, म्हणजे आम्लाकडे झुकणारा. कुत्र्याचा 7च्या जवळपास, जवळजवळ उदासीन. माणसांचा शाम्पू आपल्या कातडीचा हिशेब धरून बनवलेला असतो, त्यामुळे तो कितीही महागाचा असला तरी कुत्र्याच्या उपयोगाचा नाही. अंगाचा साबण, कपड्यांची पावडर आणि भांडी घासायचा लिक्विड सोप यांचा तर विचारही नको. लहान मुलांचा शाम्पू सौम्य असतो खरा, पण तो माणसाच्या बाळासाठी सौम्य असतो. कुत्रा गटारात पडून आला आणि घरात दुसरं काहीच नाही, अशा वेळी एकदा चालेल. सवय म्हणून नाही.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांमध्ये असतात आणि अंगाची उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. त्यामुळे घाम धुऊन काढायला रोजची किंवा आठवड्याची आंघोळ त्याला लागतच नाही. उलट केसांच्या मुळाशी जे नैसर्गिक तेल असतं, तेच कातडीला मऊ ठेवतं आणि पाणी थोपवतं. ते वारंवार धुतलं गेलं की कोंडा होतो, कातडी कोरडी पडते आणि खाज सुटते.

मग आंघोळ किती दिवसांनी घालायची? आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला, किंवा सोलापूर-लातूरकडच्या कारवानसारख्या गुळगुळीत अंगाच्या कुत्र्याला दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरते. मळला तर तेव्हा. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर आणि घराघरांतले स्पिट्झ यांच्या वरच्या राठ केसांखाली मऊ लवेचा दुसरा थर असतो. त्यांना महिना-दीड महिन्यातून एकदा. शिट्झू, ल्हासासारख्या लांब केसांच्या कुत्र्यांना तीन-चार आठवड्यांनी, पण त्यांना रोज विंचरावं लागतं आणि ते जमणार नसेल तर केस आखूड ठेवलेले बरे. आठवड्याला आंघोळ फक्त डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला असेल तेव्हा. ज्या घरी कुत्रा पलंगावर झोपतो त्यांना हे अंतर मोठं वाटेल, हे मला मान्य आहे. त्यांनी अंथरलेली चादर जास्त वेळा धुवावी, कुत्रा नव्हे.

पावसाळ्यात पूर्ण आंघोळीची गरज आणखी कमी आणि पाय धुण्याची गरज रोजची. शहरात साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यांना होतो, माणसांनाही होतो. फिरून आल्यावर दाराशीच चारही पंजे आणि पोटाचा खालचा भाग साध्या पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्यांतून फडकं फिरवून कोरडे करा, आणि आपल्या हातावर जखम असेल तर रबरी हातमोजे घालूनच हे करा. लेप्टोची लस कुत्र्यांसाठी मिळते. आपल्या कुत्र्याला दिली आहे का, हे लसीकरणाच्या पुस्तिकेत आजच पाहून घ्या.

काही वेळा आंघोळ टाळायचीच. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू अंगाची ऊब नीट टिकवू शकत नाही. त्याला कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसलं तरी भागतं. लस टोचली त्या दिवशी नको. ताप, उलट्या, जुलाब असताना नको. ऑपरेशनचे टाके असतील तर ते काढून डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको, साधारण 10 ते 14 दिवस तरी. गोचिडांसाठी मानेवर टाकायचं थेंबाचं औषध वापरत असाल तर ते टाकण्याआधी आणि टाकल्यानंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको, कारण ते औषध कातडीच्या तेलातूनच अंगभर पसरतं आणि शाम्पू ते तेलच धुऊन टाकतो. हा एवढा नियम न पाळल्यामुळे औषध ‘लागू पडलं नाही’ अशी तक्रार किती जण करतात!

आता विंचरण्याकडे येऊ. गुंता झालेले केस भिजले की तो गुंता आवळत जातो आणि वाळल्यावर त्याची घट्ट गाठ बनते. त्या गाठीच्या आत पाणी आणि साबण दोन्ही अडकून राहतात आणि खालची कातडी दिवसेंदिवस कुजत राहते. म्हणून पाणी अंगाला लागण्याआधी सगळा गुंता सुटलाच पाहिजे. आधी ब्रश, मग बारीक दातांची धातूची फणी. फणी मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेली, तरच तो भाग झाला असं समजायचं. नुसता ब्रश वरवरून फिरतो आणि फसवतो. गुंते नेहमी ठरलेल्या जागी सापडतात: कानांच्या मागे, काखेत, पट्ट्याखाली, मांड्यांच्या मागच्या झालरीत आणि शेपटीच्या बुडाशी. गाठ हातात धरून बोटांनी फाकवत, टोकाकडून मुळाकडे सोडवा. ओढ कातडीला लागू नये म्हणून मुळाशी केस दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवा. कात्रीने गाठ कापायचा मोह होतो, पण गाठीत कातडी वर ओढली गेलेली असते आणि ती कापली जाते. अशी कातडी कापलेले कुत्रे टाके घालायला दवाखान्यात नेहमी येतात. सुटणारच नाही अशी गाठ केस कापणाऱ्या जाणकाराकडून मशीनने काढून घ्यावी.

इथेच एक सांगून ठेवतो. उन्हाळा आला की लॅब्रॅडॉर किंवा स्पिट्झचे केस भादरून टाकायची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. कुत्र्याला गार वाटावं एवढाच हेतू असतो, पण ते दोन थर ऊनही अडवतात. भादरलेल्या कातडीला ऊन थेट भाजतं, आणि काही कुत्र्यांचे केस नंतर पूर्वीसारखे उगवत नाहीत. विंचरून सुटी झालेली आतली लव काढा. हवा खेळायला तेवढं पुरतं.

विंचरताना डोळे उघडे ठेवा, कारण संपूर्ण अंग इतक्या जवळून बघायची संधी दुसरी येत नाही. मोहरीएवढे फोड, लाल चट्टे, गोल टक्कल, काळी पडलेली जाड कातडी, नवी गाठ, यांतलं काहीही दिसलं तर आंघोळ थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. काळी बारीक कणी दिसली तर ती ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवून बघा. लालसर डाग उतरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसतीच मळकट राहिली तर धूळ. गोचीड दिसला तर चिमट्याने अगदी कातडीलगत पकडा आणि सरळ, सावकाश ओढून काढा. त्याला चटका देणं किंवा त्यावर रॉकेल ओतणं अजिबात नको, आणि नखाने चिरडूही नका, कारण त्याच्या रक्तातून रोग पसरतात. काढलेला गोचीड झाकणाच्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाका. कानाच्या आतल्या घड्या आणि बोटांच्या बेचक्या जरूर तपासा. आणि एक गैरसमज सोडून द्या: आंघोळीने गोचीड जात नाहीत. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड अंडी घालायला कुत्रा सोडून भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे, कुंड्यांखाली जातो. तिथला बंदोबस्त आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध, दोन्ही मिळूनच काम होतं.

बाथरूमची तयारी कुत्र्याला आत आणण्याआधी पूर्ण झाली पाहिजे. सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे पायाखालची चटई. गुळगुळीत टाइल्सवर साबणाच्या पाण्यात चार पाय चार दिशांना सरकतात. कुत्रा घाबरतो तो बहुतेकदा पाण्याला नाही, या घसरण्याला. रबरी मॅट नसेल तर गोणपाट किंवा जुनी सतरंजी ओली करून पसरा. वयस्क किंवा कंबर-गुडघे दुखणाऱ्या कुत्र्याला तर याशिवाय आत नेऊच नका. कोमट पाण्याची भरलेली बादली, मग, पातळ केलेला शाम्पू, तोंड पुसायचं फडकं, कापूस, दोन-तीन टॉवेल किंवा पंचे आणि खाऊ, हे सगळं हाताशी ठेवा. ओला कुत्रा सोडून टॉवेल आणायला बाहेर गेलात की सोफ्याची वाट लागलीच. पाणी जायच्या जागी जाळी बसवा, नाहीतर केसांनी मोरी तुंबेल. चामड्याचा पट्टा काढून साधा नायलॉनचा घाला. कुत्र्याला नळाला किंवा खिडकीच्या गजाला बांधून ठेवू नका. घसरला तर गळ्याला फास बसतो. दुसरं माणूस असेल तर त्याने फक्त छातीखाली हात देऊन धरायचं आणि बोलत राहायचं.

गावाकडे अंगणात पाइपने आंघोळ घालणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी कढत असतं, अंग भाजण्याइतकं. ते झाडांच्या आळ्यात किंवा जमिनीवर सोडून द्या, हातावर घेऊन बघा, मग कुत्र्यावर धरा. हिवाळ्यात नाशिक-महाबळेश्वरकडे अकरा ते बाराची वेळ चांगली, म्हणजे पुढे वाळायला ऊन मिळतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात सकाळ. दुपारी दोनच्या उन्हात तापलेल्या कुत्र्यावर गार पाणी ओतायचं नाही, आणि कुठल्याही ऋतूत सूर्यास्तानंतर आंघोळ नाही.

भीतीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण घरच्या आंघोळी फसतात त्या इथेच. कुत्र्याला ओढत नेऊन, दार लावून, चौघांनी दाबून आंघोळ घातली तर काम एकदा होतं, पण पुढच्या वेळी बादलीचा आवाज आला की तो पलंगाखाली जातो, आणि त्याच्या पुढच्या वेळी दात दाखवतो. त्याचा यात काही दोष नाही. आंघोळीच्या आधी आठवडाभर रोज त्याला कोरड्या बाथरूममध्ये न्या, चटईवर उभा करा, खाऊ द्या, बाहेर आणा. मग एक दिवस नुसता नळ सोडा. मग एक दिवस फक्त पाय भिजवा आणि सोडून द्या. पिल्लू असतानाच हे केलं तर आयुष्यभराचा त्रास वाचतो. आंघोळीच्या वेळी टाइल्सवर त्याच्या नाकाच्या उंचीला चमचाभर घट्ट दही फासून ठेवा. तो चाटत राहतो आणि तुम्हाला पाच-सहा मिनिटं शांतपणे मिळतात. दह्याऐवजी पीनट बटर लावायचं असेल तर त्यात झायलिटॉल नावाची साखर नाही ना, हे लेबलवर वाचा. ती कुत्र्यासाठी विष आहे.

पुनःपुन्हा ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, शेपटी पोटाखाली, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, थरथर, ही घाबरल्याची चिन्हं. एखादं दिसलं तर हात थांबवा, बोला, खाऊ द्या. बरीचशी दिसली तर आहे तेवढा फेस धुऊन काढा आणि त्या दिवसापुरतं आवरतं घ्या. गुरगुरण्यावर रागावू नका. तो सांगतोय की सहन होत नाही. ते सांगणं मारून बंद केलं तर पुढचा इशारा थेट चाव्याचा असतो. लहान मुलांना या वेळी बाथरूमबाहेर ठेवा.

पाणी कोमट हवं. कुत्र्याच्या शरीराचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअस, आपल्यापेक्षा थोडं जास्त, पण आपल्याला ‘छान गरम’ वाटणारं गीझरचं पाणी त्याच्या पातळ कातडीला जास्त होतं. कोपराच्या आतल्या बाजूवर पाणी ओतून बघा. गरमही लागू नये आणि गारही. गार पाणीही निरुपद्रवी नाही. त्यानंतर काही कुत्र्यांची, विशेषतः लॅब्रॅडॉरची, शेपटी बुडाशी दुखून मेलेल्यासारखी लोंबायला लागते. ती काही दिवसांत बरी होते, पण तोवर वेदना असतात.

भिजवायला मागच्या पायांपासून सुरुवात करा, मग पाठ, मग खांदे आणि मान. डोक्यावरून तांब्या ओतणं सर्वांत वाईट. दोन थरांचे केस असलेल्या कुत्र्याच्या पाठीवरून पाणी नुसतं ओघळून जातं, तेव्हा एका हाताने केस उलटे फिरवत मुळाशी पाणी पोचवा. लॅब्रॅडॉर पूर्ण भिजायला पाचेक मिनिटं सहज लागतात. न भिजलेल्या कातडीवर शाम्पू नीट पसरत नाही आणि नंतर निघतही नाही.

कुत्रा अंग झाडेलच. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेतल्या अभ्यासकांनी 2012 साली अनेक प्राण्यांचं हे अंग झाडणं वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. लॅब्रॅडॉर सेकंदाला चारेक हेलकावे घेतो आणि काही सेकंदांत केसांतलं साधारण 70 टक्के पाणी उडवून देतो. इतकी प्रभावी सोय त्याला निसर्गाने दिली आहे, तेव्हा आंघोळ संपल्यावर ती पुरेपूर वापरू द्यावी. मधेच नको असेल तर त्याच्या नाकाडावर किंवा डोक्यावर अलगद हात ठेवा. झाडण्याची लहर डोक्यापासून सुरू होते, डोकं स्थिर राहिलं की ती पुढे जात नाही.

शाम्पू थेट पाठीवर ओतू नका. एका भागाला पाच ते दहा भाग पाणी घालून पातळ करा. औषधी असेल तर त्याच्या बाटलीवर सांगितलेलं प्रमाण पाळा. पातळ शाम्पू मुळाशी पोचतो, कमी लागतो आणि लवकर निघतो. मात्र त्या दिवशी लागेल तेवढाच करा आणि उरलेला ओतून द्या. पाणी मिसळलेला शाम्पू बाटलीत ठेवून दिला की त्यात स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढू शकतात. पुढच्या आंघोळीत ते केसांच्या मुळांत चोळले जातात आणि एक-दोन दिवसांत पाठीवर अतिशय वेदनादायक फोड येतात, ताप येतो. हा आजार पशुवैद्यकांना चांगला परिचित आहे, आणि तो टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

फेस बोटांच्या पेरांनी, केसांच्या दिशेने फिरवा. लांब केसांत गोल गोल चोळलं की सोडवलेला गुंता परत तयार होतो. मान, छाती, काखा, पोट, जांघा, शेपटीखाली, आणि पंजांच्या बेचक्या या क्रमाने. पाठीवर सगळेच जण भरपूर वेळ घालवतात. मळ असतो तो खाली. औषधी शाम्पूला अंगावर सहसा 10 मिनिटं राहू द्यावं लागतं, तरच औषधाचा परिणाम होतो. घड्याळ लावा, कारण अंदाजाने दहा मिनिटं कधीच भरत नाहीत, आणि या वेळात त्याला फेस चाटू देऊ नका.

तोंडावर शाम्पू नको, पाणीही नको. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने डोळ्यांच्या कडा, ओठांच्या घड्या आणि गाल पुसा. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या नाकावरच्या सुरकुत्या पुसून झाल्यावर कोरड्याही करा. कुत्र्याच्या कानाची नळी खाली जाऊन मग आत वळते, त्यामुळे आत शिरलेलं पाणी सहजी बाहेर येत नाही आणि तिथे संसर्ग होतो. कानात कापसाचा मोठा बोळा हलकाच ठेवा, खोल कोंबू नका, आणि आंघोळीनंतर आठवणीने काढा. काडीला कापूस गुंडाळून कान कोरणं बंद करा. पाळी दिसेल तेवढीच पुसायची. शेपटीखालच्या ग्रंथी घरी दाबून रिकाम्या करण्याचे व्हिडिओ हल्ली फिरतात. ते काम डॉक्टरांकडे राहू द्या.

आता फेस काढणं. शाम्पू चोळायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ इथे द्या. पाणी वरून खाली: मान, पाठ, बाजू, मग पोट आणि पाय. पोटाखाली मग उलटा करून पाणी मारता येत नाही, म्हणून तिथे हातशॉवर असेल तर फारच सोपं. नसेल तर ओंजळीने पाणी वर मारत हाताने केस निपटत राहा. काखा आणि जांघा या दोन जागी फेस हटकून राहतो, आणि दोन दिवसांनी कुत्रा खाजवतो तोही तिथेच. झालं असं वाटलं की केसांची बट मुळाशी पिळून पाणी पांढऱ्या मगात घ्या. ते पिण्याच्या पाण्यासारखं नितळ दिसलं तर झालं, गढूळ किंवा बुळबुळीत लागलं तर आणखी एक बादली. बोअरवेलचं जड पाणी असलेल्या घरी फेस कमी येतो म्हणून शाम्पू जास्त घेतला जातो आणि तो निघायलाही वेळ लागतो. शेवटच्या बादलीला तरी नळाचं पाणी मिळालं तर बघा. लॅब्रॅडॉरला तीन-चार बादल्या पाणी लागतं. टँकरवर जगणाऱ्या गावात हे परवडत नाही, आणि तिथे म्हणूनच कोरडं विंचरणं आणि ओलं फडकं हाच योग्य मार्ग आहे.

घरगुती उपायांबद्दल लोक हमखास विचारतात. डेटॉल, सॅव्हलॉनसारखी जंतुनाशकं आंघोळीच्या पाण्यात टाकू नका; कातडी चरचरते आणि कुत्रा अंग चाटतो तेव्हा ती पोटात जातात. बाथरूम फिनाइलने पुसलेलं असेल तर कुत्र्याला आणण्याआधी साध्या पाण्याने धुऊन घ्या. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी ठरतं. लिंबू खाजवलेल्या कातडीवर आग करतं. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने शेवटी अंग धुतलं तर बिघडत नाही, पण त्यावर गोचिडांचा भार टाकू नका. खोबरेल अंगभर चोपडलं तर त्यावर धूळ बसते आणि आठवड्यात परत आंघोळीची वेळ येते. जनावरांच्या गोठ्यात गोचिडांसाठी फवारायचं औषध पाण्यात कालवून कुत्र्यावर ओतणं मात्र जिवावर बेतू शकतं. प्रमाण चुकलं की लाळ, झटके आणि मृत्यू, असा त्याचा क्रम आहे. अशी औषधं फक्त डॉक्टरांनी वजन करून, प्रमाण लिहून दिली तरच.

वाळवणं. आधी हातानेच पाय, शेपटी आणि छातीचे केस वरून खाली दाबत पाणी निथळवा. त्याला मनसोक्त अंग झाडू द्या. मग टॉवेल अंगावर दाबून पाणी टिपा. खसाखसा घासू नका. एक टॉवेल चिंब झाला की दुसरा, मग तिसरा. आखूड केसांच्या गावठी कुत्र्याचं काम इथेच संपतं, राहिलेलं ऊन आणि वारा करतो. दोन थरांच्या कुत्र्याचं खरं काम इथून सुरू होतं. पंख्याखाली बसवून, केस बोटांनी उलटे फाकवत, मुळापर्यंत वारा पोचवत विंचरत राहायचं. हेअर ड्रायर वापरायचा तर गार किंवा अगदी मंद गरम हवेवर, वीतभर तरी अंतर ठेवून, एकाच जागी न थांबता, आणि आपला दुसरा हात सतत त्या झोतात ठेवून. आपल्या हाताला चटका बसला तर त्यालाही बसला. ड्रायरच्या आवाजाचीही आधी सवय करावी लागते. एसीच्या थंड झोतात ओला कुत्रा बसवू नका.

पावसाळी दमट हवेत वरचे केस अर्ध्या तासात कोरडे वाटतात आणि आतली लव तीन-चार तास ओली राहते. मानेवर, कानांमागे, मांड्यांच्या मागे आणि शेपटीच्या बुडाशी बोटं कातडीपर्यंत घालून बघा. गारवा लागला तर ओल आहे. पट्टा पूर्ण वाळेपर्यंत गळ्यात अडकवायचा नाही. ओल राहिलेल्या जागी काही तासांत लाल, चिकट, पाझरणारा चट्टा उठतो. डॉक्टर त्याला हॉट स्पॉट म्हणतात. कुत्रा तो चाटून-चावून दिवसभरात तळहाताएवढा करतो. सलग पाऊस लागला असेल आणि वाळवायची सोय नसेल, तर आंघोळ चार दिवस पुढे ढकलायला काहीच हरकत नाही.

आंघोळ संपली की बहुतेक कुत्रे घरभर सुसाट धावतात आणि संधी मिळाली तर मातीत लोळतात. म्हणून शी-शूसाठी आंघोळीच्या आधी फिरवून आणा, आणि नंतर पूर्ण वाळेपर्यंत घरातच ठेवा. वापरलेले टॉवेल गरम पाण्यात धुवा आणि ब्रश-फणी केस काढून, धुऊन, उन्हात वाळवा.

पुढचे दोन-तीन दिवस कातडीकडे लक्ष ठेवा. पाठीवर हात ठेवल्यावर केकाटणं, पुरळ, पाझरणारा चट्टा, सारखं डोकं झटकणं, कानाला येणारा घाण वास, सुस्ती किंवा ताप यांतलं काही दिसलं तर घरचे प्रयोग न करता दवाखाना गाठा. परळ, नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आणि तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने असतात. जाताना वापरलेल्या शाम्पूची बाटली आणि लसीकरणाची पुस्तिका सोबत घ्या, आणि शेवटची आंघोळ कधी घातली ते सांगा. नीटनेटका दिसावा म्हणून जायच्या आधी त्याला पुन्हा आंघोळ घालू नका. डॉक्टरांना त्या चट्ट्यावरचा स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा असतो, आणि तो धुऊन टाकला की जंतू आहेत की यीस्ट, हे ओळखणं अवघड होऊन बसतं.